ॲक्सिस पाच : एका अलार्मचं रसग्रहण

‘एसआरव्हीओ-068 सर्वो डीटीईआरआर अलार्म, ग्रुप 1, ॲक्सिस 5.’

फानुक रोबोटच्या टीच पेंडंटवर ही ओळ उमटते आणि स्पॉट वेल्डिंगची लाईन जागच्या जागी उभी राहते. गन हवेत, जिग बंद, मागून येणारे पॅनेल अडकलेले. कुणीतरी ओळ वाचतो आणि म्हणतो, “पाचवा एन्कोडर गेला.” लगेच स्टोअरला फोन, स्पेअर मोटर आहे का याची चौकशी. मला मात्र त्या वेळी ती ओळ पुन्हा एकदा वाचावीशी वाटते, कारण तिच्यात एन्कोडर गेल्याचं कुठेही लिहिलेलं नाही.

शाळेत कवितेचं रसग्रहण करताना पहिले प्रश्न ठरलेले असत: कोण बोलतंय, कुणाबद्दल, कोणत्या प्रसंगी. हेच प्रश्न या ओळीला विचारावेत. बोलतोय ड्राईव्ह, म्हणजे कॅबिनेटमधला सर्वो ॲम्प्लिफायर आणि त्यामागचं कंट्रोल कार्ड. ज्याच्याबद्दल तो बोलतोय तो एन्कोडर दहा-पंधरा मीटर केबलच्या दुसऱ्या टोकाला, मोटरच्या पाठीवर बसलेला आहे आणि गप्प आहे. प्रसंग एवढाच, की ड्राईव्हनं विचारलं, ‘तू कुठे आहेस?’ आणि ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही. एन्कोडर जळाला असेल. त्याला पाच व्होल्ट पोचत नसतील. प्रश्न वाटेतच हरवला असेल. उत्तर निघालं आणि तुटक्या तारेपाशी थांबलं असेल. ड्राईव्हचाच कान बिघडला असेल. या पाचही शक्यता त्या एका ओळीत आहेत आणि ओळ त्यांपैकी एकीचीही बाजू घेत नाही. जेवढं अनुभवलं तेवढंच सांगते. तांत्रिक लेखनात हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

मी राहतो तेलीबागेत. लखनौची छावणी संपून रायबरेली रोड पीजीआय रुग्णालयाकडे निघतो त्या वाटेवर. या शहराला मोटारगाड्यांच्या कारखानदारीची ओळख आहे. टाटा मोटर्सचा चिनहटचा कारखाना 1992 पासून इथे चालतो. रोबोटच्या दुरुस्तीची भाषा मात्र माझ्याकडे पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या पट्ट्यातून आली. ‘झिरो गेला’, ‘पोझिशन उडाली’, ‘फीडबॅक तुटतोय’ हे शब्द तिथल्या शॉपफ्लोअरवर ऐकत शिकलो, आणि इथे हिंदीत बोलतानाही मनात तेच येतात. त्या पट्ट्याचं या विषयाशी नातं जुनं आहे. बजाज ऑटोनं चाकणला 2010 पासून कोबॉट, म्हणजे माणसांशेजारी काम करणारे रोबोट, लावले. टाटांच्या टॅल कंपनीनं ‘ब्राबो’ हा भारतात घडवलेला औद्योगिक रोबोट 2017 मध्ये बाजारात आणला, तोही पुण्यातूनच. तेव्हा एन्कोडरच्या अलार्मवर मराठीत लिहायला काही मुद्दाम निमित्त शोधावं लागत नाही. तो आपल्या माणसांचा रोजचा मजकूर आहे.

या मजकुराची खरी गोडी 068 एकट्यात कळत नाही. त्याच्या पाठोपाठची दोन भावंडं शेजारी ठेवावी लागतात. 068 डीटीईआरआर: उत्तर आलंच नाही. 069 सीआरसीईआरआर: उत्तर आलं, पण वाटेत बिघडलं. 070 एसटीबीईआरआर: उत्तराची सुरुवात किंवा शेवट सांगणारे बिट जागेवर नाहीत, म्हणजे बोलणं कुठून सुरू झालं आणि कुठे संपलं हेच कळलं नाही. मौन, विपर्यास आणि तुटलेली चौकट. दोन यंत्रांमधला संवाद ज्या तीन तऱ्हांनी फसू शकतो त्या तिन्ही तीन शब्दांत वेगळ्या काढल्या आहेत. ज्या इंजिनिअरांनी ही विभागणी केली त्यांना संवाद म्हणजे काय हे नेमकं उमगलेलं होतं.

यातला 069 मला सर्वांत देखणा वाटतो. ‘उत्तर बिघडलं’ असं म्हणायला मूळ उत्तर काय होतं हे ड्राईव्हला कसं कळलं? ते कळलेलं नसतंच. एन्कोडर आपल्या स्थितीचा आकडा पाठवताना त्या आकड्याला एका ठरलेल्या भाजकानं भागतो आणि बाकी शेपटीला जोडून देतो. ड्राईव्ह तोच भागाकार पुन्हा करतो. बाकी जुळली तर आकडा खरा, नाही जुळली तर वाटेत कुठेतरी बिट उलटला. विल्यम वेस्ली पीटरसन या गणितज्ञानं 1961 मध्ये मांडलेली ही तपासणी आज सेकंदाला हजारो वेळा असा एन्कोडर असलेल्या रोबोटच्या प्रत्येक सांध्यात होते. म्हणून 069 आला की एक गोष्ट पक्की समजावी: त्या टोकाला बोलणारा जिवंत आहे. त्याला वीज मिळते आहे, प्रश्न ऐकू येतो आहे, तो उत्तर देतो आहे. मग संशयाची सुई एन्कोडरवरून सरकते आणि केबल, शिल्ड, कनेक्टर, अर्थिंग यांच्याकडे वळते. मोटर बदलायची घाई करणाऱ्याला 069 आणि 068 एकसारखेच वाटतात. माझ्या मते साऱ्या निदानाची पहिली पायरी या दोघांमधला फरक ओळखण्यात आहे.

आता त्या गप्प बसलेल्याकडे जाऊ. ऑप्टिकल एन्कोडरचं मागचं झाकण उघडलं (सुटा, निकामी एन्कोडर हाती असेल तरच, चालू मोटरवर हा उद्योग करू नये) तर आत एक काचेची चकती दिसते. तिच्यावर डोळ्याला धड वेगळ्या दिसू नयेत इतक्या बारीक रेषा असतात. एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला प्रकाश टिपणारे डायोड. चकती फिरते, उजेड-अंधार होतो, त्यातून एकमेकींच्या पाव आवर्तन मागेपुढे असलेल्या दोन लाटा निघतात. दोन लाटा असल्यामुळेच दिशा कळते: आधी कोणती चढली त्यावरून मोटर सुलटी फिरते की उलटी हे ठरतं. एकच लाट असती तर हालचाल कळली असती, दिशा नाही.

काही चकत्यांवर आकडे ग्रे कोडमध्ये कोरलेले असतात. बेल लॅब्जमधल्या फ्रँक ग्रे यांच्या या युक्तीला 1953 मध्ये पेटंट मिळालं. साध्या द्विमान पद्धतीत सातावरून आठावर जाताना 0111 चं 1000 होतं, चारही बिट एकदम बदलतात. एखादा बिट क्षणभर उशिरा बदलला की मध्येच भलताच आकडा वाचला जातो. ग्रे कोडात तीच उडी 0100 वरून 1100 अशी होते. बदल फक्त एका जागी. त्यामुळे सीमेवर वाचणाऱ्याचा गोंधळ झाला तरी तो सात म्हणेल किंवा आठ म्हणेल, तिसरं काही म्हणणार नाही. चूक होणारच हे गृहीत धरून ती जास्तीत जास्त किती मोठी होईल हे आधीच बांधून ठेवणं, ही मला अत्यंत सुसंस्कृत रचना वाटते.

या चकतीच्या आतल्या बिघाडांचे अलार्म वेगळे आहेत. 074 एलडीएएल म्हणजे आतला एलईडी गेला. 072 पीएमएएल म्हणजे पल्सकोडरमध्येच (फानुकच्या भाषेत एन्कोडरमध्येच) काहीतरी बिघाड असावा. 073 सीएमएएल आला तर एन्कोडर खराब, नाहीतर बाहेरून नॉईज शिरतोय. इथे बोलणारा बदलला आहे, हे लक्षात घ्यावं. 074 ही एन्कोडरनं स्वतः दिलेली खबर आहे: संवाद चालू आहे, मी ठीक ऐकतोय, पण मला दिसत नाही. 068 मध्ये ड्राईव्ह दुसऱ्याबद्दल बोलत होता, 074 मध्ये आजारी स्वतः आपलं दुखणं सांगतो. अशा वेळी केबल हलवत बसण्यात अर्थ नसतो. गिअरबॉक्सचं ऑईल सील झिजून तेल मोटरच्या शाफ्टवरून हळूहळू मागे सरकतं, आधी ब्रेक ओला करतं आणि मग एन्कोडरपर्यंत पोचतं, तेव्हाही हे आतले अलार्म येतात. नवा एन्कोडर लावून सील तसंच ठेवलं तर काही महिन्यांत तोच अलार्म परत येतो.

आणि मग बॅटरी. हा भाग सर्वांत मानवी आहे.

काचेची चकती एका फेऱ्यातली जागा सांगते, कितवा फेरा आहे हे सांगत नाही. मिनिटकाटा दिसतो पण तासकाटा नाही, अशा घड्याळासारखी तिची गत. रोबोटला दोन्ही लागतात, म्हणून फेऱ्यांची मोजदाद एन्कोडरच्या आतल्या छोट्या मेमरीत राहते, आणि मेन पॉवर बंद असताना ती मेमरी रोबोटच्या बुडाशी बसवलेल्या बॅटऱ्यांवर जगते. फानुकच्या मोठ्या रोबोटात हे चार साधे डी साईजचे अल्कलाईन सेल असतात. कोट्यवधींच्या लाईनची स्मृती टॉर्चमध्ये घालतात तसल्या सेलवर!

हिशोब करून पाहावा म्हणजे यातली जोखीम कळते. समजा एन्कोडर 20 बिटचा आहे, म्हणजे मोटरच्या एका फेऱ्याला 10,48,576 पायऱ्या. गिअरचं प्रमाण 120 ला 1. तर सांध्याच्या एका पूर्ण फेऱ्याला साडेबारा कोटींहून जास्त पायऱ्या झाल्या. रोबोटचा हात दोन मीटर लांब असेल तर टोकाला एक पायरी म्हणजे सुमारे एक दशांश मायक्रोमीटर. (हात प्रत्यक्षात एवढा अचूक नसतो, गिअरची लवचीकता आणि ढील मध्ये येते. पण मोजणारा एवढं बारीक मोजत असतो.) आता हाच एन्कोडर फेऱ्यांची मोजदाद एकानं चुकला तर? मोटरचा एक फेरा म्हणजे सांध्याचे तीन अंश, आणि दोन मीटरवर तीन अंश म्हणजे साधारण साडेदहा सेंटिमीटर. केसाच्याही शेकडोपट बारीक अंतर ओळखणारं यंत्र अर्धी वीत चुकतं आणि त्याला ते कळतही नाही.

बॅटरी उतरू लागली की 065 बीएलएएल येतो. हा इशारा आहे; रोबोट थांबत नाही. म्हणूनच तो वाचला जात नाही. ऑपरेटर रिसेट दाबतो, काम चालू राहतं. मग दिवाळी येते. लखनौला दिवाळीच्या सुट्टीत कारखाने बंद होतात, कॅबिनेटचे ब्रेकर खाली येतात, आणि आतापर्यंत मेन पॉवरच्या आधारानं चाललेली मेमरी त्या थकलेल्या सेलवर येऊन पडते. सुट्टी संपून पॉवर चालू केली की 062 बीझेडएएल, बॅटरी शून्य, आणि तोही बहुतेक वेळा एकाच वेळी सगळ्या ॲक्सिसवर. सहा ॲक्सिस एकदम गेले असं दिसलं की सहा एन्कोडर एका रात्रीत मेले असं मानणं चूक. अनेकांची एकाच वेळची तक्रार सामाईक गोष्टीकडे बोट दाखवते: बॅटरी, सामाईक पाच व्होल्ट, मुख्य केबल. आणि उलट, एकट्या ॲक्सिसवर 062 आला तर बॅटरीऐवजी त्या ॲक्सिसकडे जाणारी बॅटरीची तार पाहावी.

बॅटरी बदलण्याचा नियम शॉपफ्लोअरवर कुणालाही विचारा, उत्तर मिळेल: वर्षातून एकदा, आणि कंट्रोलरची पॉवर चालू ठेवूनच. इमर्जन्सी स्टॉप दाबलेला, सेफ्टी पाळलेली, पण पॉवर चालू. पॉवर बंद करून सेल काढले की मेमरीचे दोन्ही आधार एकदम जातात. विजेचं काम म्हणजे आधी मेन बंद, हे आपल्या हाडात मुरलेलं असतं. इथे तो चांगला संस्कारच घात करतो, म्हणून ही गोष्ट नव्या मुलाला समोर उभं करून दाखवावी.

062 आल्यावरचा परतीचा मार्गही वाचनीय आहे. नवे सेल घाला, मास्टर/कॅलच्या पडद्यावर रेस पीसीए (पल्सकोडरचा अलार्म रिसेट) करा, पॉवर बंद-चालू करा. आता 075 येतो: पल्स नॉट एस्टॅब्लिश्ड. पुष्कळजण याला नवा बिघाड समजतात. तो बिघाड नाही. एन्कोडर सांगतोय की मला वीज मिळाली, मी बोलतोय, पण मला माझी शून्याची खूण अजून दिसलेली नाही. ॲक्सिस जॉग करा, म्हणजे पेंडंटवरून हळू हलवा, मोटरचा एक फेरा पूर्ण होऊ द्या, खूण डोळ्यांसमोरून जाईल आणि 075 निवळेल. मग मास्टरिंग, म्हणजे रोबोटला त्याचं शून्य पुन्हा सांगणं. क्विक मास्टरचा संदर्भ आधी नोंदवलेला असेल तर काम सोपं. नसेल तर सांध्यावर कोरलेल्या दोन बारीक खुणा एकमेकींसमोर आणायच्या, आणि इथे एवढ्या साऱ्या इलेक्ट्रॉनिक्सचा भार माणसाच्या डोळ्यावर येतो. मान थोडी तिरकी झाली तरी खूण सरकलेली दिसते. बॅकलॅश अंगावर येऊ नये म्हणून नेहमी एकाच बाजूनं यावं लागतं. पुढे गेलात तर मागे बरंच जाऊन पुन्हा त्याच दिशेनं. टॉर्च धरणारा आणि जॉग करणारा यांची जोडी जमलेली असेल तर हे काम बघत राहावं असं होतं.

आता पुन्हा आपल्या पाचव्या ॲक्सिसकडे. शहराबाहेरच्या एका कारखान्यातली गोष्ट. रोबोट स्पॉट वेल्डिंगचा, तक्रार अशी की ॲक्सिस पाचला मधूनच 068 येतो, रिसेट केला की जातो. पाचवी मोटर आधीच एकदा बदलून झाली होती. अलार्म तसाच.

मी पहिल्यांदा उघडला तो अलार्म हिस्टरीचा पडदा. या पडद्याची मांडणी अशी की सर्वांत ताजी नोंद सर्वांत वर. म्हणजे गोष्ट समजायची तर खालून वर वाचायला हवं. बहुतेक जण वरची ओळ वाचून थांबतात, आणि वरची ओळ हा गोष्टीचा शेवट असतो. खालून वाचत गेलं तर दिसत होतं: सुरुवातीला कधीतरी एखादा 069, मग रिसेट. पुन्हा 069, रिसेट. मग 069 च्या मध्ये 070. मग 068. दर दोन नोंदींमध्ये रिसेटची ओळ. तीही नोंद होते, आणि मला ती कोणत्याही अलार्मइतकीच बोलकी वाटते, कारण तिच्यातून कळतं की प्रत्येक वेळी कुणी किती लवकर लाईन चालू केली. आधी उत्तर विस्कटू लागलं, मग चौकट मोडू लागली, मग मौन. एन्कोडरचं इलेक्ट्रॉनिक्स मरतं तेव्हा सहसा अशी चढण दिसत नाही. ही हळूहळू तुटत जाणाऱ्या तारेची चाल आहे. तारेतले धागे एकेक करून तुटतात. जोवर काही शिल्लक आहेत तोवर उत्तर पोचतं, कधी धड, कधी फाटकं.

दुसरी गोष्ट वेळांची. नोंदींच्या वेळा प्रॉडक्शनच्या वहीशी लावून पाहिल्या तर अलार्म एकाच मॉडेलच्या वेळी येत होते. दुसरं मॉडेल चालू असताना पूर्ण शिफ्ट शांत. त्या मॉडेलच्या प्रोग्राममध्ये एक पॉईंट असा होता, जिथे हात वर उचलून मागे घ्यावा लागतो. तिथे पाचवा ॲक्सिस फारसा हलतही नाही. हलतो तो तिसरा.

मग टी1 मोड, 250 मिलिमीटर प्रति सेकंदाच्या खालचा वेग, आणि फक्त तिसरा ॲक्सिस जॉग. पुढे काही नाही. मागे काही नाही. आणखी मागे, हात जवळजवळ त्या पॉईंटच्या ठेवणीत आला आणि पेंडंटवर ओळ आली: 069, ॲक्सिस 5. थोडं पुढे घेऊन रिसेट, अलार्म गेला. पुन्हा मागे, पुन्हा ॲक्सिस 5. हललेला तिसरा, तक्रार पाचव्याची. पाचव्या मोटरची केबल तिसऱ्या सांध्यावरून वळसा घेऊन जाते, आणि नेमक्या त्या वळशात ती मोडत होती. ओळीत लिहिलेला आकडा उत्तर कुणाचं आलं नाही ते सांगतो. उत्तर कुठे अडलं ते सांगणं त्याच्या हाती नसतं. ते तिसऱ्याच्या हालचालीनं सांगितलं.

केबल बाहेर काढली तेव्हा वरचं आवरण जसंच्या तसं होतं, चकचकीत काळं, कुठे चीर नाही. मल्टिमीटरला कंटिन्युइटीवर लावली, बीप अखंड. त्याच जागी अंगठ्यानं वाकवली आणि बीप अडखळला. सरळ ठेवली, पुन्हा अखंड. टेबलावर सरळ पडलेली केबल तपासून ‘ओके’ लिहिणं इतकं सोपं का असतं ते इथे कळतं: केबल मोडते वळणात आणि आपण तिला तपासतो विश्रांतीत. नंतर ती कापून पाहिली. सिग्नलच्या जोडीतल्या एका तारेचे तांब्याचे धागे आतल्या आत तुटून टोकं काळवंडली होती. दुसरी तार शाबूत.

ही जोडी का असते हेही सांगायला हवं. एन्कोडरचं उत्तर दोन तारांवरून जातं, एकीवर सुलटं आणि दुसरीवर उलटं, आणि ड्राईव्ह त्यांच्यातला फरक वाचतो. वेल्डिंगचा नॉईज दोघींवर सारखाच चढला तर फरकात तो उरत नाही. पण एक तार कमजोर झाली की हे संरक्षण संपतं आणि एरवी निमूट जाणारा नॉईज उत्तरात शिरतो. त्यामुळे अर्धवट तुटलेल्या तारेचा बिघाड वेल्डिंग चालू असतानाच जास्त दिसतो, आणि लोक नॉईज फिल्टर शोधत फिरतात. नॉईज खरा असतो, पण तो आत आला तो दुसऱ्या कुणीतरी दार उघडं ठेवल्यामुळे. शिल्डचं टोक मोकळं लोंबकळत असेल, वेल्डिंगची अर्थ केबल सैल असून परतीचा करंट रोबोटच्या अंगातून वाट काढत असेल, तरी हेच घडतं.

केबल उपसण्याआधी करायची एक गोष्ट राहून जाते तेव्हा फार महाग पडते. संवाद अधूनमधून तुटत असला तरी पोझिशन अजून जिवंत आहे, तोवर बॅकअप घ्यावा, मास्टर काउंट उतरवून ठेवावेत, रोबोट खुणांवर आणून क्विक मास्टरचा संदर्भ नोंदवावा. एकदा कनेक्टर सुटला की बॅटरीची तारही सुटते आणि मग आधी सोपं असलेलं अवघड होतं. आणि उभ्या भाराच्या ॲक्सिसची, दुसऱ्या-तिसऱ्याची, मोटर काढायची किंवा ब्रेक सोडायचा तर आधी हाताला टेकू किंवा क्रेनचा पट्टा. पोझिशन गेली तर ती परत आणता येते, कोसळलेल्या हाताखाली सापडलेला माणूस नाही.

मेगरबद्दल इथेच बोलतो, कारण त्याची चीड मनातून जात नाही. मोटरच्या पॉवर वाइंडिंगचं इन्सुलेशन मेगरनं तपासतात आणि ते बरोबरच आहे. पण तोच मेगर एन्कोडरच्या तारांवर लावला तर 500 व्होल्ट पाच व्होल्टच्या सर्किटमध्ये जातात. ज्याचं काहीच बिघडलेलं नव्हतं तो एन्कोडर तपासणीतच मरतो, आणि मग निदान खरं ठरल्यासारखं वाटतं. याहून मोठा अन्याय मला या कामात माहीत नाही.

फानुकच्या मॅन्युअलमध्ये एक छोटी सूचना आहे जिच्यावर माझा फार जीव आहे. 064 पीएचएएल, म्हणजे पल्सची फेज बिघडल्याचा अलार्म, 068, 069 किंवा 070 यांच्या सोबतीनं आला तर तो खरा मानू नये, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे मजकूर स्वतःच सांगतो की माझ्यातल्या काही ओळी दुसऱ्या ओळींची सावली आहेत. संवाद तुटला की ड्राईव्हला मिळणारा आकडा निरर्थक होतो आणि त्या निरर्थक आकड्यातून आणखी अलार्म जन्माला येतात. पडद्यावर एकदम चार ओळी दिसल्या की चार बिघाड शोधू नयेत. त्यातली आई कोणती ते शोधावं.

इतर कंपन्यांची शैली वेगळी. यास्कावाचे सिग्मा ड्राईव्ह आकड्यांत बोलतात: ए.सी90 म्हणजे एन्कोडरशी संवाद तुटला, ए.810 म्हणजे बॅकअप गेला, ए.830 म्हणजे बॅटरी उतरली. मोजके, कोरडे, पण विभागणी तीच. एबीबी आणि कूका यांच्या अनेक रोबोटांत मोटरवर रिझॉल्व्हर असतो. त्यात काच नाही, चिप नाही, फक्त तांब्याची वेटोळी, आणि सारं गणित हाताबाहेरच्या, बुडाशी बसवलेल्या कार्डात. रिझॉल्व्हर तपासायला साधा ओहम मीटर पुरतो: साइन आणि कोसाइन वाइंडिंगचा रोध जवळपास सारखा यायला हवा. उष्णता आणि हादरे सोसण्यात त्याला तोड नाही. मे-जूनच्या लूमध्ये बंद शेडखाली तापणारी मोटर पाहिली की मला त्याचं मोठेपण पटतं, तरी मन रमतं ते चुकीच्या उत्तराची चूक ओळखणाऱ्या सीरियल एन्कोडरमध्येच.

कोबॉटांनी यात एक नवं पात्र आणलं. काहींच्या प्रत्येक सांध्यात दोन एन्कोडर असतात, एक मोटरच्या बाजूला आणि एक गिअरच्या पलीकडे. दोघांचं म्हणणं ठरलेल्या मर्यादेबाहेर वेगळं झालं की रोबोट थांबतो. आता बिघाड वाचताना ‘उत्तर आलं का’ याच्या जोडीला ‘दोन साक्षी जुळतात का’ हाही प्रश्न आला. माणसाच्या अंगाजवळ काम करणाऱ्या हाताला हे हवंच. तेलीबागेच्या पुढे पीजीआयमध्ये रोबोटच्या मदतीनं शस्त्रक्रिया होतात; तिथल्या हातालाही पहिला प्रश्न हाच असतो, मी कुठे आहे, आणि तिथे एकाच साक्षीवर विसंबणं कुणालाही परवडणारं नाही.

या सगळ्यात मला सर्वांत गरीब वाटतं ते आपलं ब्रेकडाऊन रजिस्टर. ड्राईव्ह एवढं नेमकं बोलतो आणि आपण त्यापुढे लिहितो, ‘ॲक्सिस 5 एन्कोडर प्रॉब्लेम, मोटर बदलली, ओके’. पुढच्या माणसाला यातून काहीही मिळत नाही. त्या दिवशी केबल बदलून, मास्टरिंग तपासून, ओळखीच्या पॉईंटवर गनचं टोक पूर्वीच्याच जागी येतंय हे पाहून झाल्यावर तिथल्या मेंटेनन्सच्या मुलाला मी नोंद अशी लिहायला सांगितली: ‘ॲक्सिस 5 ला 069, पुढे 070, पुढे 068. फक्त जे3 (तिसरा ॲक्सिस) मागे घेतल्यावर. कारण जे3 वळशातली एन्कोडर केबल, सिग्नलची एक तार आतून तुटलेली. मोटर ठीक होती. केबल बदलली, क्विक मास्टर संदर्भ नव्यानं नोंदवला. वळशाचा क्लॅम्प फार आवळलेला होता, सैल केला. शेजारच्या दोन रोबोटांचा तोच क्लॅम्प पाहणे बाकी.’